मांटा पाकट आणि सफेद मुसळी : जास्त धोक्यात कोण? (भाचीच्या प्रकल्पासाठी मदत हवी)

नरनाळ्याखाली

राम राम मंडळी.

माझी भाची नववीत आहे. शाळेनं विज्ञान प्रदर्शनाचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटले. हिच्या हाती आलेली चिठ्ठी अशी: "धोक्यात आलेला एक समुद्री जीव व धोक्यात आलेली एक सपुष्प वनस्पती यांची तुलना करा." आमचं गाव अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. समुद्र पाहिलेला माणूस आमच्या गल्लीत एकच, तोही मुंबईला ऑपरेशनसाठी गेला होता तेव्हा दवाखान्याच्या खिडकीतून पाहिलेला.

पोरीनं मोबाइलवर व्हिडिओ पाहून मांटा पाकट निवडली. निळ्या पाण्यात काळं घोंगडं उडत चाललंय असं ते दिसतं. झाडाचं मात्र अडलं. ती नेटवरून जुन्नरकडची शिंदळ माकुडी उतरवून घेत होती. मी म्हटलं, बाई, तिकडं कशाला जाते, आपल्या वावराच्या धुऱ्याशी मुसळी आहे ना. तर म्हणते, "मामा, मुसळी तर आपण विकतो. विकतो ते धोक्यात कसं?"

आता याचं उत्तर मला नीट देता येईना, म्हणून हा धागा.

माझा मुसळीशी संबंध 2003 पासूनचा. तेव्हा इकडं सगळ्यांच्या डोक्यात मुसळी शिरली होती. एका कंपनीची माणसं गावोगाव सभा घ्यायची, चहा-पोहे द्यायची आणि सांगायची की बेणं आमच्याकडून घ्या, पीक आम्हीच उचलू. अर्धा एकर लावली मी. अडीच क्विंटल बेणं, तीनशे रुपये किलोनं. पंचाहत्तर हजार. आईची एकदाणी मोडली त्यात. पीक छान आलं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण उचलायला कोणी आलंच नाही. फोन लागेना. नंतर कळलं ते असं: औषधाला मुसळी कोणी फारशी घेतच नव्हतं. यंदाचा शेतकरी पुढच्या वर्षीच्या शेतकऱ्याला बेणं विकणार, एवढाच तो धंदा. नवे शेतकरी संपले, धंदा संपला.

घराच्या माळवदावर आम्ही चौघं दीड महिना मुसळी सोलत बसलो. बोथट सुरीनं खरवडायची, वरची काळपट साल ओल्या कागदासारखी निघते, आत दुधासारखी पांढरी मुळी. हात बुळबुळीत. दिवसा पांढऱ्या धोतरावर वाळत घालायची, सूर्य कलला की उचलायची. दव लागलं की पिवळी पडते आणि व्यापारी नाक मुरडतो. पाच किलो ओली सोलून वाळवली की जेमतेम किलोभर हाती येते.

हे सगळं सांगायचं कारण वेगळंच. ते पहिलं बेणं आलं कुठून होतं? तेव्हा विचारलं नव्हतं. दोन वर्षांनी डोंगरातला एक माणूस सांगून गेला, "आमच्या जंगलातून टोपल्याच्या टोपल्या खाली गेल्या, भाऊ, त्या साली." म्हणजे मुसळी वाचवायला म्हणून शेतात आणली, आणि तिच्यापायी जंगल खणलं.

तर जाणकारांनी सांगा: या दोघांत जास्त संकटात कोण, आणि तुलना करायची ती कशाच्या आधारावर?

---

खारट_वारा

मी मूळचा देवगडचा, बँकेच्या नोकरीनं दारव्ह्यात येऊन पडलोय. मासे खायला मिळत नाहीत, निदान बोलायला तरी मिळाले.

आमच्याकडे चपट्या, शेपटीवाल्या माशांना सरसकट पाकट म्हणतात. मांटा त्यातलीच, पण आकारानं सगळ्यांची आजी. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 7 मीटरपर्यंत भरते. तुमच्या ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली की जेवढी लांबी होते, जवळपास तेवढी रुंदी. वजन दीड-दोन टनांच्या घरात. आणि गंमत म्हणजे तुम्ही घोंगडं म्हणालात, 'मांटा' या स्पॅनिश शब्दाचा अर्थच मुळी चादर, घोंगडी असा आहे.

एवढं धूड, पण कोणाला काही करत नाही. तोंड उघडं ठेवून पोहायचं, पाण्यातले बारीक जीव कल्ल्यांतल्या चाळणीत अडकवायचे, पाणी बाहेर सोडायचं. तोंडापुढे दोन पाती असतात, ती घास आत लोटायला. ती गुंडाळली की शिंगांसारखी दिसतात, म्हणून काही ठिकाणी सैतान मासा म्हणून बदनाम. हिला थांबता येत नाही. पोहत राहिली तरच कल्ल्यांवरून पाणी जातं आणि श्वास चालतो. मागेही सरकता येत नाही. त्यामुळे जाळ्यात गेली की संपली. तिला पकडायला जाळं लावलेलं असेल असंही नाही, बऱ्याचदा ते सुरमई-टुन्याचं असतं.

आणि त्या चाळण्याच तिच्या मुळावर आल्या आहेत. वाळवून त्यांचा व्यापार होतो, मुख्य बाजार दक्षिण चीनमध्ये ग्वांगझौला. काढा करून प्यायचा, रक्त शुद्ध होतं म्हणे. चिनी वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांत हे औषध ठळकपणे कुठं नाही. व्यापाऱ्यांनी अलीकडच्या काळात वाढवलेली मागणी आहे ती.

तुमच्या सभेतले चहा-पोहे वाचून मला तेच आठवलं.

---

ढेप_सरकी

बाकी सगळं ठीक हाय राजेहो, पन मुसळी खाऊन खरंच काई होते का नाई ते सांगा ना पयले. आमच्या गावात एकजन सहा महिने दुधात टाकून पेला. त्याची फक्त म्हैस बारीक झाली.

---

आकडेमोड

धागाकर्ते, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं आधी. "धोक्यात" हा शब्द बोलीभाषेत कसाही वापरतात, पण धोक्यातल्या जीवांच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत त्याचे नियम ठरलेले आहेत. एक नियम असा की गेल्या 10 वर्षांत किंवा त्या जीवाच्या तीन पिढ्यांत, यांतला जो काळ मोठा असेल तेवढ्यात, संख्या किती घटली ते बघायचं. मोठ्या मांटाची एक पिढी 29 वर्षांची धरली आहे. म्हणजे 87 वर्षांचा हिशोब. त्यात 50 ते 79 टक्के घट झाल्याचा अंदाज आहे, म्हणून 2020 मध्ये तिला 'असुरक्षित' या पायरीवरून वर 'संकटग्रस्त' पायरीवर टाकलं. तिची लहान बहीण, प्रवाळांजवळ राहणारी मांटा, अजून 'असुरक्षित' पायरीवर आहे. भाचीला सांगा, तक्त्यात नुसतं 'मांटा' लिहू नको, कोणती ते लिही.

मुसळीचं असं मोजमाप करणं अवघड. जमिनीवर आठ महिने ती दिसतच नाही. पावसाळ्यात मोजली तर आहे, मार्चमध्ये मोजली तर नाही. औषधी वनस्पतींच्या अभ्यासात रानातली मुसळी धोक्यातली म्हणून गणली जाते, आणि राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या अग्रक्रमाच्या 32 वनस्पतींत ती आहे. पण समुद्री जनावर आणि कंद यांना एका तागडीत टाकणं मला पटत नाही. कासऱ्यानं दूध मोजल्यासारखं आहे हे.

---

धारणीची_ताई

मी मेळघाटात आरोग्य खात्यात 11 वर्षं आहे. गावं पायी फिरून झाली आहेत, म्हणून थोडं लिहिते.

मुसळी मोजता येत नाही हे 'आकडेमोड' दादांचं बरोबर. पण तुलना होत नाही हे मला पटलं नाही. एक गोष्ट दोघांत सारखी आहे: कधी काढली यावर सगळं ठरतं.

आमच्याकडे एक कोरकू आजी होत्या, आता नाहीत. त्यांच्यासोबत एकदा रानात गेले होते, भादव्यात. मुसळीला पांढरी फुलं होती, चांदणीसारखी, सहा पाकळ्यांची, मधे पिवळे केसर. मी खणायला वाकले तर आजींनी हात धरला. पानं पिवळी पडून जमिनीवर लोळल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणाल्या. तोवर बोंडं फुटून काळं बी खाली पडलेलं असतं, कांद्याच्या बियासारखं दिसतं. दिवाळीच्या सुमारास पुन्हा नेलं. वाळलेल्या पानाची खूण धरून काठीनं माती उकरली, झुपक्यातल्या जाड मुळ्या तेवढ्या तोडल्या, आणि बारीक मुळ्यांसकट वरचं डोकं परत त्याच खड्ड्यात ठेवून पायानं माती दाबली. अर्धा मिनिट लागला असेल सगळ्याला.

पुढं काय झालं? व्यापारी आषाढातच यायला लागला. पाऊस, हाताला काम नाही, घरात दाणा नाही. आपण दिवाळीपर्यंत थांबलो तर दुसरा कोणीतरी श्रावणात खणून नेतो हे प्रत्येकाला माहीत. मग फुलातच खणतात, डोक्यासकट. कच्ची मुळी वाळली की सुरकुतून तिचं काही उरत नाही, भावही कमी मिळतो. म्हणजे जंगलही गेलं आणि पैसाही नाही. खणणाऱ्याला दोष देणं सोपं आहे, मी देत नाही.

---

खारट_वारा

ताई, फार छान लिहिलंत. ती फुलं आम्ही लहानपणी बघितलीच नाहीत, कारण आमच्याकडे पहिल्या पावसात पानंच खुडतात. कोकणात हिला फोडशी म्हणतात, कुठे कुळी. ठाणे-पालघरच्या बाजारात आदिवासी बायका जुड्या लावून बसतात. भिजवलेली डाळ घालून भाजी होते. मुसळीची भाजी म्हटलं तर विदर्भातल्या माझ्या सहकाऱ्यांना खरंच वाटत नाही. आणि शास्त्रीय नावातलं 'बोरिविलियानम' हे आपल्या मुंबईच्या बोरिवलीवरून आलंय.

तुमच्या "कधी काढली" या मुद्द्यावर मात्र मांटाची बाजू सांगतो. तिला 'कधी' हा प्रकारच नाही. मादी वयात यायला आठ-दहा वर्षं. पोटात पिल्लू बारा-तेरा महिने, म्हणजे म्हशीपेक्षा दोन-तीन महिने जास्त. एका वेळी बहुधा एकच. पुढचं पिल्लू दोन-तीन वर्षांनी, कधी त्याहून उशिरा. सगळ्या आयुष्यात मिळून चार ते सात पिल्लं होतात असा अंदाज आहे. आता यात कोणता महिना धरून मारली की चालेल? दिवाळीला मारली काय आणि आषाढात मारली काय.

---

ढेप_सरकी

आयुष्यात चार पिल्लं! आमच्या शेळीचं दोन सालाचं काम हाय ते.

---

मुसळीवाला_होलसेल

[जाहिरात असल्यानं मजकूर काढला आहे. — संपादक]

---

राजुऱ्याकडचा

ह्या धाग्यावर एक अवांतर, पण राहवत नाही.

समुद्राचा आणि विदर्भाचा संबंध नाही असं सगळे गृहीत धरून चाललेत. मी राजुऱ्याचा, चंद्रपूर जिल्हा. आमच्या हद्दीपलीकडे तेलंगणात आसिफाबाद आहे. तिथं दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळाच्या खडकात पाकटाचे दात सापडले आहेत. इग्डाबॅटिस इंडिकस असं नाव दिलं 1993 साली. वय साधारण साडेसहा कोटी वर्षं, म्हणजे डायनोसॉर जाण्याच्या आसपासचं. तिची ठेवण आजच्या गरुड-पाकटांसारखी, आणि मांटा त्याच गणातली. चपटे, फरसबंदीसारखे एकमेकांना लागून बसलेले दात. शिंपले फोडून खात असणार.

भाचीला सांगा, तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात हे लिही. परीक्षकानं "विदर्भात पाकट कुठून आणली" असं विचारलं की बोट दाखवायला होईल. तो लाव्हा म्हणजे आपला काळा दगड, तो तुमच्याकडे पायाखाली आहेच.

---

नरनाळ्याखाली

राजुरेकर दादा, भाची हे वाचून उठून उभी राहिली. बैलाच्या गोठ्यामागचा काळा दगड हातोडीनं फोडायला निघाली होती. कशीबशी बसवली. लाव्हाच्या दगडात काही सापडत नाही, दोन थरांमधल्या गाळात सापडते, हे समजावता समजावता माझीच उजळणी झाली.

ढेप_सरकी भाऊ, होते का नाही होते ते मले इचारू नको. मी अर्धा एकर लावून पाह्यली, माझं वजन फक्त कमी झालं.

ताई, तुमचा तो "डोकं परत ठेवायचं" हा परिच्छेद मी मोठ्यानं वाचून दाखवला. शेतात आम्ही तेच करतो, फक्त वेगळ्या कारणानं: जाड मुळ्या विकायच्या, डोक्याला लागलेल्या बारीक मुळ्या बेण्यासाठी वाळूत ठेवायच्या. डोक्याचा तुकडा लागलेला नसेल तर मुळी उगवतच नाही, कितीही जाड असो. बियावर तर भरवसाच नाही. शंभर टाकावं, पंधरा-वीस उगवावं. म्हणून जंगलात बी पडू देणं आणि डोकं ठेवणं, दोन्ही लागतं.

आता भाचीचा नवा प्रश्न: मुसळीची शेती होते, मग मांटाची का नाही?

---

आकडेमोड

शेती नाही, पण मत्स्यालयात ठेवून बघितली आहे. जपानमध्ये ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयात 2007 च्या जूनमध्ये लहान जातीच्या मांटानं पिल्लू दिलं. बंदिस्त जागेतला तो जगातला पहिला जन्म. पिल्लू काही दिवसांतच गेलं. नंतर त्याच मादीला आणखी पिल्लं झाली, पण एवढ्या मोठ्या टाकीत एक-दोन जनावरं सांभाळणं म्हणजे शेती नव्हे.

माझं आधीचं वाक्य मी अर्धं मागे घेतो. संख्येची तुलना होत नाही. ताईंच्या पद्धतीनं, म्हणजे परत भरून यायला काय लागतं या अंगानं, होते.

---

तूरडाळ

मला एक कळत नाही. मांटावर बंदी घाला म्हणणं सोपं आहे. मुसळीवर बंदी घातली तर मेळघाटातला माणूस काय खाईल? आणि कोळ्याचं काय?

---

खारट_वारा

बंदी म्हणाल तर सगळीकडे एकच प्रकार नाही. 2013 मध्ये बँकॉकच्या परिषदेत मांटाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचं बंधन आलं. 2014 मध्ये इंडोनेशियानं आपल्या सगळ्या पाण्यात मांटा मारायला मनाई केली. कारण भावनिक नव्हतं, पैशाचं होतं. मांटा बघायला माणसं पैसे मोजून समुद्रात उतरतात. 2013 च्या एका अभ्यासात जगभरचं हे उत्पन्न वर्षाला सुमारे 7 कोटी 30 लाख डॉलर काढलं होतं. चाळण्यांच्या व्यापारातून त्याच्या पासंगालाही पुरणार नाही इतकं मिळतं.

पण तूरडाळ, तुमचा प्रश्न राहतोच. जो पर्यटकाला बोटीतून नेतो आणि ज्याच्या जाळ्यात ती चुकून येते, ती दोन माणसं बहुधा वेगळी असतात.

---

धारणीची_ताई

आणि मुसळी बघायला कोण येणार आहे? वीतभर रोप. गवतात उठून दिसत नाही. मेळघाटात गाड्या येतात त्या वाघासाठी. चिखलदऱ्याच्या रस्त्यावर पावसाळ्यात मुसळीवर चाकं जातात आणि वर बसलेल्याला कळतही नाही.

तूरडाळ, बंदीनं होणार नाही हे मी पण म्हणते. जिथं गावाला जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला तिथं निदान "दसऱ्याच्या आत कोणी खणायचं नाही" असं ग्रामसभेत ठरवता तरी येतं, आणि बाहेरच्याला अडवता येतं. अमरावती जिल्ह्यातल्या पायविहीर गावानं उघड्या डोंगरावर झाडं राखून दाखवली. तिथली सीताफळं लोक आता विकत घेतात. मुसळीसाठी तसंच ठरलं तर होईल. समुद्रात अशी ग्रामसभा कशी बसवायची ते मला माहीत नाही. मांटा आज एका देशात, पुढच्या महिन्यात दुसऱ्या.

---

ढेप_सरकी

ताई, हे लय बराबर बोलल्या. आमच्या इकडं वावराच्या धुऱ्यावरून भाऊभाऊ कोर्टात जाते, तिकडं समुद्राले धुराच नाई.

---

नरनाळ्याखाली

उशिरा कळवतोय, माफ करा. हरभऱ्याला पाणी देण्यात चार रात्री गेल्या, लाइट रात्रीची आहे.

प्रदर्शन झालं. तक्ता असा: डावीकडे मांटा, काळ्या कापडाची कापून चिकटवलेली. माझ्या जुन्या छत्रीचं कापड आहे ते, विचारलं नाही मला. उजवीकडे वहीच्या खोक्यात खरी मुसळी, मातीसकट, डोक्यासकट. वर कोपऱ्यात आसिफाबादचा दात, पेन्सिलीनं काढलेला. मधे रकाने: पिल्लं किंवा बी किती, वयात यायला किती वर्षं, लोक कशासाठी मारतात किंवा खणतात. त्या तिसऱ्या रकान्यात तिनं दोन्हीकडे एकच शब्द लिहिला, "पावडर". चाळणीची पावडर करत नाहीत, काढा करतात, असं मी सांगितलं. म्हणे मामा, जागा कमी होती.

शेवटचा रकाना "कधी काढावी" असा होता. मुसळीखाली लिहिलं, पानं वाळल्यावर, बी पडल्यावर, डोकं परत ठेवून. मांटाखाली काहीच लिहिलं नाही. परीक्षक गुरुजी म्हणाले, रकाना राहिला. ही म्हणाली, राहिला नाही सर, तो तसाच आहे. दोन गुण कापले. तिसरा नंबर आला. पहिला नंबर ज्वालामुखीचा, खाण्याच्या सोड्याचा.

पोरीच्या आईचा गुरुजींवर राग आहे, पोरीचा ज्वालामुखीवर.

ताई, एक काम होतं. खोक्यातली मुसळी आता परत काय करू म्हणून ती विचारते. मला वाटतं ती आमच्या वाफ्यातली, शेतात वाढलेली, जंगलात तिला उगाच सोडू नये. पण तिला ती धारणीच्या बाजूला कुठंतरी लावायचीच आहे.

---

धारणीची_ताई

जंगलात नको, दवाखान्याच्या आवारात लावू. तिथं दगडी कठड्याच्या आत मोकळी जागा आहे, बकऱ्या येत नाहीत. येणाऱ्या बायकांना फुलं दाखवता येतील.

परतवाड्याहून येणाऱ्या एसटीत कंडक्टरजवळ द्या, मी स्टँडवरून घेईन. पाणी मारू नका, सडेल. आणि आत्ता लावायची नाही हे तिला सांगा. कोरड्या वाळूत ठेवते, मिरग लागला की लावू. तेव्हा सुट्ट्या असतील तर तिलाच पाठवा.

---

नरनाळ्याखाली

सोमवारच्या सकाळच्या गाडीत देतो. बुटाच्या खोक्यात आहे, वर छत्रीच्या कापडाची मांटा पण निघाली सोबत. ती काढू देत नाही.